देवाची ओळ

अलीशिबानं रसाची वाटी ओठांशी नेली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा असलेला शांतवन एकदम म्हणाला, “वैनी...!”

वाटी हवेतच थांबली.

“काय रं?”

त्याच्या कपाळावर घाम होता आणि एका हातानं त्यानं दाराची चौकट घट्ट धरली होती. मग त्यानं नजर खाली वळवली. “काय न्हाई. गरम असंल म्हनून म्हनलं.”

“कवाचाच गार झालाय,” अलीशिबा हसली, डोळे मिटून मनातल्या मनात तिनं प्रार्थना केली आणि तो एक घोट घेतला. रस गोड होता, पण जिभेच्या कडेला काहीतरी कडवट रेंगाळलं. उपवासानं तोंड कडू झालं असेल, असं तिला वाटलं. तिनं पाठीमागे पाहिलं तेव्हा उंबऱ्यावर कुणीच नव्हतं.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारचा हा घोट म्हणजे लोंढ्यांच्या घरची जुनी रीत. कडेगावच्या पुढं टेकडीच्या पायथ्याशी ही वस्ती, तिच्यात अकरा घरं ख्रिस्ती आणि त्यांचं एक कौलारू चर्च. अलीशिबाचे सासरे कोंडीबा यांनी द्राक्षबाग लावली तेव्हा विहिरीजवळची पहिली बावीस झाडं त्यांनी देवाला दिली. त्या ओळीचा एक मणीही विकायचा नाही, तिच्यावर विषारी औषध मारायचं नाही आणि चर्चमधल्या गुरुवारच्या प्रभुभोजनाचा द्राक्षरस तिच्यातूनच काढायचा. रस काढणाऱ्यानं पहिला घोट आदल्या संध्याकाळी स्वतः प्यायचा. त्यात काही वाईट असलं तर ते आधी आपल्याला बाधावं, मंडळीला नव्हे, असं म्हाताऱ्याचं म्हणणं! साऱ्या शिवारात त्या बावीस झाडांना देवाची ओळ म्हणत.

दुसरी एक रीत बायकांनी आपणहून पाडली होती. वस्तीत कुणी पोटुशी असली की तिला देवाच्या ओळीचे घड जायचे, आणि ते न धुता खायचे. बाजारच्या द्राक्षांना धुवा, पुसा, मिठाच्या पाण्यात घाला. या घडांना मात्र पाणी लावणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं. शेजारची दगडाबाई ख्रिस्ती नव्हती, पण तिच्याही तिन्ही सुनांची डोहाळ्यांची तोंडं याच ओळीनं गोड केली होती.

ही ओळ अलीशिबा एकोणतीस वर्षं राखत आली होती. कडुलिंबाचा अर्क, गोमूत्र, दहा पाल्यांचं कुजवलेलं पाणी... जे काही करायचं ते स्वतःच्या हातानं. मंडळीच्या जेवणाला ती थर्माकोलच्या पत्रावळ्या आत येऊ द्यायची नाही. ऐंशी स्टीलची ताटं एकटी राखेनं घासायची आणि ते धुण्याचं पाणी केळीला घालायची. लोक चेष्टा करत, “शिबाकाकू मुंगीला इचारून पाऊल टाकती!” तीही हसायची. पण तिच्या लेखी यात चेष्टेचं काहीच नव्हतं. देवानं केलेल्या मातीशी आणि पाण्याशी आपण कसं वागतो, यावरच तो आपली प्रार्थना ऐकायची की नाही ते ठरवत असणार, अशी तिची साधी समजूत होती. शिवाय तिचा नवरा येशुदास वीस वर्षं उघड्या अंगानं औषधं मारून छातीच्या दुखण्यानं गेला, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. डॉक्टरांनी दम्याचं नाव दिलं. अलीशिबानं कुणाशी वाद घातला नाही, पण फवारणीचा तो पंप घरातून बाहेर काढला आणि औषधाचा वास आला की ती आजही पदर नाकाला लावायची.

आणि शांतवन! ती या घरात नवरी होऊन आली तेव्हा हा धाकटा दीर चार वर्षांचा, आईविना पोरका. मिरजेला नर्सिंगचं शिक्षण सहा महिने झालेलं, ते या पोरासाठी तिनं सोडलं. पुढं तिची कूस उजवली नाही, पण त्याचं दुःख तिनं कधी मोठ्यानं केलं नाही, कारण रात्री तिच्या पदराची गाठ मुठीत धरून झोपणारं एक लेकरू तिला मिळालं होतं. आज तो तेहेतीस वर्षांचा होता. त्याची बायको अर्पणा सातव्या महिन्यात होती आणि बाळंतपणासाठी रहिमतपूरला माहेरी गेली होती. रस काढण्याचा मान पुढल्या वर्षी अर्पणाकडे जायचा, हे अलीशिबानंच मंडळीत सांगून टाकलं होतं, तेव्हा काही बायकांनी एकमेकींकडे सहेतुक पाहिलं होतं.

गुरुवारी सकाळी ती उठली तीच मळमळत. डोकं जड, हातापायांना बारीक कंप. उपवास बाधला असं म्हणून ती तशीच ओळीकडे निघाली, कारण प्रभूच्या टेबलावर ठेवायला द्राक्षाची पानं तोडायची होती. आभाळ खाली आलं होतं आणि वारा पार पडला होता.

ओळीत पाऊल टाकलं आणि ती थबकली. काहीतरी नव्हतं... काय नव्हतं ते तिच्या लवकर ध्यानात येईना. मग ते उमगलं. आवाज नव्हता! पिकल्या घडांवर या दिवसांत मधमाश्यांची नि गांधीलमाश्यांची अशी गुणगुण असते की माणसाला मोठ्यानं बोलावं लागतं. आज ओळीत चिटपाखरू हलत नव्हतं. तिनं खाली पाहिलं. झाडांच्या बुडाशी माश्या पडल्या होत्या, शेकड्यांनी, पाय आखडलेल्या. तिसऱ्या झाडाखाली एक बुलबुल चोच उघडी टाकून पडला होता आणि त्याच्या अंगावर एकही मुंगी चढली नव्हती.

आणि वास... तोच, येशुदासच्या सदऱ्याला यायचा तो उग्र वास!

हा वास काल पहाटे द्राक्षं तोडतानाही तिला आला होता. पण हंगामात साऱ्या शिवाराला तो वास असतोच. शेजारच्या बागेतून वाऱ्यावर आला असेल असं म्हणून तिनं पदर नाकाला लावला होता आणि कात्री चालवत राहिली होती.

बांधावरून दगडाबाई शेरडं घेऊन चालली होती. अलीशिबाचा चेहरा बघून ती थांबली.

“काय झालं गं, शिबा?”

“दगडाबाई, हितं कुनी आलतं का? औषध मारताना कुनी दिसलं का तुला?”

“आगं, तुझा शांतूच की! परवा तिनीसांजंला तू प्रार्थनंला गेल्तीस तवा पंप पाठीवर घिऊन ह्या ओळीत फिरत व्हता. मला वाटलं, तूच सांगितलंस. घडांवर लय पिठ्या ढेकूण झालाय, ती पांढरी कीड, म्हनत व्हता.”

अलीशिबानं मनात दिवस मोजले. परवा संध्याकाळी औषध पडलं, काल पहाटे तिनं घड तोडले. निम्म्यांचा रस काढला, तो स्टीलच्या बरणीत भरून चर्चमध्ये पोचला होता. आज संध्याकाळी साठ माणसं तो पिणार होती. आणि उरलेले निम्मे...

“देवा!” तिच्या तोंडून आर्त किंकाळी फुटली. उरलेल्या निम्म्या घडांची पाटी तिनं काल सकाळीच वस्तीवरच्या नाथाजीच्या टेम्पोतून रहिमतपूरला धाडली होती. अर्पणासाठी. न धुता!

तिनं फोन काढला, पण नंबर लावण्याआधीच तो वाजला. पलीकडे अर्पणाची आई दीनाबाई रडत होती.

“शिबावैनी, पोरीच्या तोंडाला फेस आलाय वो... सकाळी तुमची द्राक्षं खाल्ली आन् ओकायला लागली, घामानं भिजली, डोळं फिरवलं... साताऱ्याला दवाखान्यात आनलंय. डॉक्टर इचारत्यात औषधाचं काय पोटात गेलंय. काय सांगू मी?”

सहा महिन्यांचं का होईना, अलीशिबा शिक्षण विसरली नव्हती. औषधाचं नाव कळल्याशिवाय डॉक्टर आंधळेपणानं चाचपडतील, हे तिला कळत होतं. “दीनाबाई, फोन बंद करू नगा!” असं ओरडून ती धावली. बागेतली शांतवनची औषधांची खोली धुंडाळली, कुंपण धुंडाळलं, आणि अखेर विहिरीमागच्या बाभळीच्या काटेरी फासात ती निळी रिकामी बाटली सापडली. काट्यांनी हात सोलवटून तिनं ती ओढून काढली आणि लेबलावरचं नाव एकेक अक्षर करून फोनवर सांगितलं. दोनदा सांगितलं. पलीकडून तेच नाव डॉक्टरांना सांगितल्याचं ऐकू आलं, तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला.



“शिबावैनी...” दीनाबाईचा आवाज बदलला होता. “नाव तुमाला कसं ठावं?”

अलीशिबाच्या ओठांवर उत्तर आलं होतं. एकच नाव उच्चारायचं होतं. पण ते नाव घेतलं तर मरणाच्या दारात पडलेल्या त्या मुलीला पहिली बातमी काय मिळणार? तुझ्या नवऱ्यानंच!

“मी तोडली, मी पाठवली,” ती म्हणाली. “बाकी काय इचारू नगा. आदी पोरीला वाचवा.”

पलीकडे फोन बंद झाला.

शांतवन दुपारी कडेगावहून आला. बाग बघायला येणाऱ्या व्यापाऱ्याला भेटून आल्यामुळे तो खुशीत होता. फोन बंद पडलेला, त्याला काहीच कळलेलं नव्हतं. अलीशिबा अंगणात बसली होती आणि तिच्या पुढ्यात ती निळी बाटली होती. बाटली दिसली आणि त्याची गाडी बंद करायचीही राहिली.

“वैनी, ऐक माझं... ढेकूण त्या ओळीतनंच साऱ्या बागंत चालला व्हता. आठ दिवसांत तोडनी हाय. आन् ती ओळ कोन विकतंय? ती बाजारात जात न्हाई, म्हनून...”

“म्हनून देवाला चालंल वाटलं?”

“धुतल्यावर जातंय म्हनत्यात! उकळलास तू रस, मला वाटलं...”

“काल मी वाटी उचलली तवा ‘वैनी’ म्हनून हाक मारलीस. तवा हेच सांगायचं व्हतं न्हवं?”

त्यानं मान खाली घातली. तिनं वाढवलेल्या लेकरानं तिला समोर विष पिताना पाहिलं होतं आणि गरम असेल म्हणाला होता! पण हे दुःख कुरवाळायला वेळ नव्हता.

“शांतू, रसाचं मी बगते. तू साताऱ्याला जा. काल पाटी रहिमतपूरला गेल्ती रं... अर्पणानं खाल्ली.”

त्याचं तोंड उघडं राहिलं आणि चेहऱ्यावरचं रक्त कुणीतरी उपसून न्यावं तसा तो पांढरा पडला. मग चालूच असलेली गाडी वळवता वळवता त्यानं विचारलं, “वैनी, कुनाला सांगितलंस?”

बायको कशी आहे, बाळ कसं आहे... हे नव्हे. हे पहिलं विचारलं त्यानं!

“न्हाई,” अलीशिबा म्हणाली. “ते तूच सांगशील.”

गाडीचा आवाज उतारावरून दूर जाईपर्यंत ती तिथंच उभी होती. मग ती चर्चमध्ये गेली. टेबलावर पांढरंशुभ्र कापड अंथरलं होतं, लहान पेले ओळीनं मांडले होते. तिनं रसाची बरणी दोन्ही हातांनी उचलली आणि छातीशी धरून बाहेर पडली. रस गटारात ओतावा तर गटार ओढ्याला मिळतं, आणि ओढ्यावर दगडाबाईची शेरडं पाणी पितात. म्हणून ती घरामागच्या मुरमाड पडीकात गेली, जिथून विहीर लांब, ओढा लांब, आणि तिथं पहारीनं खड्डा खणायला बसली. हात कापत होते, मळमळ वाढत होती, पण खड्डा कमरेइतका होईपर्यंत तिनं पहार खाली ठेवली नाही.

संध्याकाळच्या उपासनेला लोक जमले ते रिकाम्या टेबलापुढं. मंडळीचे ज्येष्ठ पंच दादासो आणि पाळकसाहेब तिच्या अंगणात आले तेव्हा मागोमाग अर्धी मंडळी होती. अलीशिबा हाताची माती धूत होती.

“शिबा, रस कुटं हाय?”

“आवं दादासो, तो रस टेबलावर ठेवन्याजोगा न्हवता. मी मातीत घातला.”

“का?”

तिनं पुन्हा तांब्यातलं पाणी हातावर घेतलं.

“आगं, का म्हनून इचारतोय! कुनी काडला व्हता रस?”

“मीच काडला.”

तेवढ्यात गर्दीतून कुणाचा तरी फोन वाजला आणि रहिमतपूरची बातमी अंगणात येऊन पडली. अर्पणा दवाखान्यात... द्राक्षांतून विष... जावेनं पाठवलेली द्राक्षं... विषाचं नावसुद्धा जावेला तोंडपाठ! लोक मागे सरकले. जिनं ऐंशी ताटं घासली, जिनं त्यांच्या सुनांना घड पुरवले, तिच्यापासून लोक दोन पावलं मागे सरकले. “मान जानार व्हता न्हवं तिच्याकडं,” एक बाई हळूच म्हणाली. “वांझेचं मन...” पुढचं वाक्य तिनं पुरं केलं नाही, पण सगळ्यांना ते ऐकू आलं.

माणसं इतकी लवकर विसरतात! अलीशिबानं एकेकाच्या डोळ्यांत पाहिलं आणि कुठंही तिला आपली ओळख सापडली नाही. पाळकसाहेब म्हणाले, “बाई, सगळं स्पष्ट होईपर्यंत तुम्ही उपासनेला आत बसू नये, असं पंचांचं मत आहे.”

“व्हय,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार. भर दुपारी चर्चमध्ये प्रभूच्या मरणाची उपासना चालू होती, गाण्याचे जड सूर वाऱ्यावर येत होते आणि इकडं तिच्या ओसरीवर हवालदार वही उघडून बसला होता.

“द्राक्षं तुमीच तोडली?”

“व्हय.”

“तुमीच पाठवली?”

“व्हय.”

“औषध कुनी मारलं?”

“मी न्हाई मारलं. ज्यानं मारलं तो आपल्या तोंडानं सांगंल.”

हवालदारानं पेन खाली ठेवलं. “बाई, असं कुनी सांगत नसतंय. ती पोरगी गेली तर तुमच्यावर लय मोठं कलम लागंल. सोमवारी ठान्यात या. तवर आठवा.”

तो गेल्यावर दगडाबाई भाकरी-कालवण घेऊन आली आणि ताट आपटत म्हणाली, “आता बास झालं! मी जाते आन् सांगते समद्यांना. मी डोळ्यांनी बगितलंय त्याला!”

अलीशिबानं तिचे दोन्ही हात धरले. “नगं, दगडाबाई. तुझ्या पोराबाळांची आन हाय तुला.”

“आगं, का पन? तो तिकडं दवाखान्यात गप बसलाय आन् तू हितं खुनी ठरलीस!”

“त्याला धरून आनला तर तो चोर म्हनून येईल. आपन हून आला तर माझा म्हनून येईल. मला तो माझा पायजेल गं!” आणि दोन दिवसांत पहिल्यांदा अलीशिबा हुंदके देऊन रडली. दगडाबाईही रडली, आणि भाकरी तशीच गार होऊन गेली.

शनिवारी सबंध दिवस फोन वाजला नाही. दुपारी बागेवर घिरट्या घालणाऱ्या घारी कुठं दिसल्या नाहीत, आणि संध्याकाळी विहिरीवर पाणी प्यायला येणारे पारवेही आले नाहीत. अलीशिबा दर थोड्या वेळानं ओळीत जायची आणि घडांवर जुनी लुगडी बांधायची, म्हणजे आणखी एखादं पाखरू त्यांना चोच लावणार नाही. बावीस झाडं झाकून झाली तेव्हा ती ओळ तिरडीसारखी दिसू लागली आणि तिला तिकडं बघवेना. दिवस मावळायच्या सुमारास नाथाजी टेम्पो घेऊन आला आणि खाली न उतरताच सांगून गेला, “काकू, पोट चिरून पोरगी काढली म्हनं. काचंच्या पेटीत ठिवलीया. अर्पणा शुद्धीवर आली, पन पोरीचं काय सांगता येत न्हाई म्हनत्यात.”

रविवारी, पुनरुत्थानाच्या पहाटे, अलीशिबा चर्चला गेली आणि बाहेरच्या पायरीवर बसली. आतून आनंदाची गाणी येत होती, आणि ती बाहेर बसून ओठांनी म्हणत होती. आज तो आला नाही तर उद्या ठाणं. तिला ठाण्याची भीती नव्हती. तिला एकच धास्ती होती, की एकोणतीस वर्षांपूर्वी तिनं पदराखाली घेतलेलं ते लेकरू कायमचं हरवलं तर... तर काय उरलं?

उजाडता उजाडता उतारावर गाडीचा आवाज आला.

शांतवन तीन दिवस न झोपलेल्या डोळ्यांनी पायरीशी आला. अंगाला दवाखान्याचा वास, दाढी वाढलेली. तिच्याकडे न बघता, तिला ओलांडून तो आत गेला. आतलं गाणं अर्ध्यावर थांबलं.

“औषध मी मारलं.”

त्याचा आवाज कौलांपर्यंत गेला.

“देवाच्या ओळीवर मी मारलं. मंगळवारी. वैनीला ठावं न्हवतं. बुधवारी ती माझ्यासमोर घोट प्याली आन् मी... मी बोललो न्हाई. तुमी समदे तो रस प्याला असता तरी मी बोललो नसतो! तिनं तुमाला वाचवलं. माझ्या बायकूला वाचवलं. डॉक्टर म्हनले, औषधाचं नाव अर्धा तास उशिरा कळलं असतं तर दोघीबी गेल्या असत्या. आन् तिथं अर्पणाची आई वैनीला शिव्या देत व्हती, तवाबी मी गप बसलो. तीन दिस! काल काचंतनं पोरीला बगितलं. मूठ वळून पडलीया. त्या मुठीत माजं बोट द्यायचं माजं धाडस झालं न्हाई...”

तो गुडघ्यांवर कोसळला. गुरुवारी कुजबुजलेली ती बाई पदरात तोंड लपवून हमसत होती. दादासो उठले, काठी टेकत दारापर्यंत आले आणि पायरीवर बसलेल्या अलीशिबासमोर त्यांनी हात जोडले. “पोरी, आमी कसलं पाप केलं गं हे! आत ये.”

अलीशिबा उठली. पण ती आपल्या नेहमीच्या जागी गेली नाही. ती सरळ पुढं गेली आणि शांतवनच्या शेजारी उभी राहिली.

“अर्दं त्यानं सांगितलं,” ती म्हणाली, “अर्दं मी सांगते. बुधवारी पहाटं वास मलाबी आलता. मला तो वास चांगला ठावं हाय. पन वर्सानुवर्सं लोक ती ओळ सोवळी म्हनत आले, तेचा मला गर्व झालता. माझ्या ओळीला कशाला काय व्हतंय, म्हनून मी थांबले न्हाई. मलाबी माफी पायजेल.”

“वैनी!” शांतवननं तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं, चार वर्षांचा असताना धरायचा तसंच, आणि तो लहान मुलासारखा रडू लागला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पाळकसाहेबांनी डोळे पुसले आणि टेबलावरचे रिकामे पेले तसेच उपडे घातले. त्या वर्षी त्या मंडळीत प्रभुभोजन झालं नाही, आणि कुणी त्याबद्दल तक्रारही केली नाही.

सोमवारी ठाण्यात शांतवन स्वतः गेला. बाग बघायला आलेल्या व्यापाऱ्यालाही त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं आणि व्यापारी आल्या पावली परत गेला.

संध्याकाळी दीर-भावजय ओळीत होते. लुगडी सोडून, हातमोजे घालून ते एकेक घड कापत होते. मुरमाड पडीकात शांतवननं नवा खोल खड्डा घेतला होता.

“पेटवून दिलं तर लवकर उरकंल,” तो म्हणाला.

“धूर दगडाबाईच्या घरात जाईल. पुरायचंच.”

तो पाटी उचलून गेला, परत आला. ओळीत अजूनही गुणगुण नव्हती. दोघांचेही कान तिकडंच होते. मग फोन वाजला. साताऱ्याहून अर्पणा होती. तिचा आवाज क्षीण होता. शांतवनशी ती बोलली नाही. तिनं वैनीला मागितलं.

“वैनी, पोरीनं आज चमचाभर दूध घेतलं. जगंल का, ते डॉक्टर अजून सांगत न्हाईत... वैनी, ह्यांच्याशी बोलायला माजी जीभ उचलत न्हाई.”

“नगं बोलूस. घाई न्हाई,” अलीशिबा म्हणाली. “तो हितंच हाय. काम करतोय.”

फोन ठेवून तिनं शेवटच्या झाडाचा शेवटचा घड कापला. ओळ उघडीबोडकी झाली होती. शांतवन कात्री हातात घेऊन तिच्याकडे न बघताच म्हणाला, “आता ह्या ओळीचा रस कवा चालंल, वैनी?”

“तीन वर्सं तरी न्हाई. तवर मंडळी दुसरीकडनं आनंल. आपन हिला अर्क घालायचा, पानी द्यायचं, आन् वाट बगायची.”

“आन् मग? मग कोन काडंल रस?”

“अर्पणा काडंल. तिची इच्छा असंल तर.” अलीशिबानं त्याच्या हातातून कात्री घेतली, पुसली आणि कमरेला खोचली. “आन् आदल्या सांजंला पैला घोट तू प्यायचास, शांतू. मी दारात उभी राहीन.”

त्यानं मान हलवली, आणि ती भरलेली शेवटची पाटी उचलून खड्ड्याकडे चालू लागला.